सिनसिनाटीतली पॅरिश शाळा, फॉलमधली: आमचा तीन वर्षांचा अनुभव (पाचपैकी साडेचार)

ओळखीतलं कुणी ना कुणी दर वर्षी विचारतंच, कॅथलिक शाळेत मुलं घातलीत, कसं वाटतं, फार धर्माचं करतात का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. आमची लेक सहावीत आणि धाकटा दुसरीत असतानाचा म्हणजे २०२४ चा फॉल (पानगळीचे महिने) मुख्यतः डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, तेव्हा आम्हाला त्या शाळेत तिसरं वर्ष होतं. आम्ही कॅथलिक नाही, घरी दीड दिवसाचा गणपती बसतो. शाळेचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण मुलांबद्दल बरंच लिहिणार आहे, पण सिनसिनाटीच्या आसपासच्या पॅरिश शाळा (पॅरिश म्हणजे एका चर्चचा परिसर आणि तिथली मंडळी) थोड्याफार फरकाने अशाच चालतात, एक चर्च, त्याच्या बाजूला शाळा, मधे पार्किंग लॉट आणि सगळं काही त्या पार्किंग लॉटमधे घडतं.

गणित, इंग्रजी, टेस्ट स्कोअर हे सगळं वेबसाइटवर मिळेल. मला विचाराल तर ही शाळा काय आहे ते सप्टेंबर ते नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग एवढ्या दिवसांतच कळतं. त्या तीन महिन्यांत ती तुमच्याकडून कामं करून घेते, आणि ती कामं करता करता तुम्ही तिथले होऊन जाता. मला तरी हाच तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो आणि ज्यांना हे नको असेल त्यांच्यासाठी हाच सगळ्यात मोठा त्रास.

आधी पैशाचं, कारण पहिला प्रश्न तोच असतो. पॅरिशच्या सभासदांना फी कमी, बाहेरच्यांना जास्त, आम्ही जास्तवाले. ओहायोत २०२३ पासून एडचॉइस व्हाउचर, म्हणजे खाजगी शाळेच्या फीला मिळणारी सरकारी मदत, सगळ्या उत्पन्नाच्या लोकांना खुलं झालंय, उत्पन्न वाढत जातं तशी रक्कम कमी होत जाते, पण अर्ज जरूर करा. आणि फीच्या वर फंडरेझर, म्हणजे शाळेसाठी पैसे गोळा करायचे कार्यक्रम. सप्टेंबरात जॉग-अ-थॉन, मग रॅफलची तिकिटं, मग कुकी डो, मग फॉल फेस्टिव्हल, एक संपलं की दुसऱ्याचा लिफाफा दप्तरात हजर. पहिल्या वर्षी मला याचा खरंच राग आला होता. जास्त पैसे जमवणाऱ्या मुलांना बक्षीस होतं आणि लेक तेव्हा चौथीत, नवीन, आमचे इथे नातेवाईक कोण आहेत तिच्याकडून तिकिटं घ्यायला, तर ती रडत घरी आली. मी ऑफिसात जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षीपासून बक्षीस अख्ख्या वर्गाला मिळून द्यायला लागले. माझ्या एकटीमुळे नसेल, आणखी कुणी बोललं असेल, पण झालं.

नंतर एका जुन्या आजीबाईंनी, त्यांची नातवंडं तिथे आहेत आणि त्या स्वतः तिथेच शिकल्या, मला समजावलं की हे लिफाफे आले कुठून. १८८४ साली बाल्टिमोरला अमेरिकेतल्या बिशपांची परिषद भरली होती आणि तिथे ठरलं की प्रत्येक चर्चजवळ शाळा हवी. शिकवायला नन्स होत्या, त्यांना नावापुरता पगार, त्यामुळे फी जवळपास नव्हतीच. १९६० च्या दशकाच्या मध्याला देशभरात अशा शाळांमधे पन्नास लाखांच्या वर मुलं होती. मग नन्स कमी होत गेल्या, पगारी शिक्षक आले, फी वाढली, शाळा बंद पडत गेल्या, आता सतरा लाखांच्या आसपास मुलं उरलीत. आजीबाईंच्या वर्गाला शिकवायला सिस्टर होत्या, आज आमच्या शाळेत एकही सिस्टर शिकवत नाही. तेव्हा तो लिफाफा म्हणजे त्या सिस्टरांच्या रिकाम्या जागेचं बिल आहे. हे कळल्यावर राग गेला, लिफाफे काही गेले नाहीत.

व्हॉलंटियर तास सक्तीचे आहेत, प्रत्येक कुटुंबाला ठरावीक, नाही भरले तर पैसे. मुलांच्या जवळपास काम करायचं असेल तर आधी बॅकग्राउंड चेक आणि मुलांच्या सुरक्षेचं ट्रेनिंग करावं लागतं, ते ऑगस्टमधेच उरकून घ्या, नंतर रांग लागते. मला पहिलं काम मिळालं व्हॉलीबॉलच्या मॅचला कन्सेशन स्टँड, म्हणजे खाण्यापिण्याचा स्टॉल. इथे फॉलमधे मुलींचं व्हॉलीबॉल जोरात असतं, सीवायओ म्हणून चर्चच्या शाळांची लीग, शनिवारी सकाळी आठपासून मॅचेस. वॉकिंग टाको म्हणजे काय ते मला तिथे कळलं, चिप्सची छोटी पिशवी आडवी कापायची, वरून चिली, चीज, आंबट क्रीम, आणि पिशवीतच काटा खुपसून द्यायचा. माझ्या बरोबर एक बाबा होते, कॉन्ट्रॅक्टर, हात एवढे मोठे, ते पिशव्या कापायचे आणि मी भरायची, दोन तासांत आम्ही शंभरेक तरी भरल्या असतील. संपल्यावर त्यांनी विचारलं की तुम्ही यातलं काय खाता, मी म्हटलं चिलीत मांस आहे, मी खात नाही. पुढच्या शनिवारी काउंटरवर एक छोटं भांडं वेगळं, त्यावर निळ्या टेपवर बीन्स ओन्ली लिहिलेलं. कुणी गाजावाजा केला नाही. माझ्यासाठी ही शाळा त्या निळ्या टेपपासून सुरू झाली.

शाकाहारी लोकांना सांगून ठेवते, कॅफेटेरियात चीज पिझ्झा आणि ग्रिल्ड चीज सोडून काही नाही, डबाच द्या.

ऑक्टोबरात कॅलेंडर एकदम भरतं. चार तारखेला सेंट फ्रान्सिसचा दिवस, त्या दिवशी पार्किंग लॉटमधे प्राण्यांना आशीर्वाद. कुत्री, मांजरी, एका मुलाचा खेकडा डब्यातून, आमच्याकडे प्राणी नाही तर धाकटा त्याचा कापडी हत्ती घेऊन उभा राहिला आणि फादरनी त्या हत्तीवरही तेवढंच मन लावून पाणी शिंपडलं. सात तारीख रोझरीची, म्हणजे कॅथलिकांच्या जपमाळेची. मोठी मुलं मैदानात गोल उभी राहतात, एकेक जण एकेक मणी, रोझरीचे मणी एकोणसाठ, आणि ज्याची पाळी तो आपली प्रार्थना म्हणतो, गोल पूर्ण होईपर्यंत. लेकीला एक मणी मिळाला होता. तिला विचारलं होतं आधी, करायचंय का, सक्ती नव्हती, ती म्हणाली करते. मी कडेला उभी होते आणि मला सारखी आजीची तुळशीची माळ आठवत होती.

मग फॉल फेस्टिव्हल आणि त्यात चिलीची स्पर्धा. सिनसिनाटीची चिली वेगळीच, १९२२ साली मॅसेडोनियाहून आलेल्या दोन भावांनी इथे सुरू केलेली, दालचिनी वगैरे घातलेली, स्पॅगेटीवर ओततात आणि वर चीजचा डोंगर. त्या वर्षी जिमच्या एका भिंतीला सहा क्रॉकपॉट एकाच एक्स्टेन्शनवर लावले होते आणि निकालाच्या आधी ब्रेकर उडाला, अर्धं जिम अंधारात. तर आठवीतली मुलं फोनचे टॉर्च धरून उभी राहिली आणि लोकांनी चव घेणं थांबवलं नाही. मी राजमा केला होता, बक्षीस नाही मिळालं पण भांडं चाटूनपुसून परत आलं.

आता ऑल सेंट्स. यासाठीच खरं तर हा रिव्ह्यू लिहायला बसले. एक नोव्हेंबरला सगळ्या संतांचा सण असतो, हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी, आणि लहान वर्गातली मुलं संतांचे वेष करून येतात. मुली सहसा मदर तेरेसा नाहीतर एलिझाबेथ सेटन, मुलगे सेंट पॅट्रिक, सेंट जॉर्ज, तलवार मिळते ना. धाकट्याच्या टीचरनी यादी पाठवली आणि खाली लिहिलं, यादीबाहेरचा चालेल. मी वसईची. पापडीच्या अलीकडे आमचं घर, अर्धी आळी कॅथलिक, नाताळला करंज्या त्यांच्याकडून आणि दिवाळीला आमच्याकडून. मला एका सेकंदात नाव सुचलं, संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला, सेंट फ्रान्सिसच्या पंथातला, म्हणजे फ्रान्सिस्कन ब्रदर झाला, जपानला गेला आणि १५९७ साली नागासाकीला त्याला बाकी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवलं. १८६२ साली संत म्हणून जाहीर झाला. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे, आमच्या आळीतली किती मुलं तिथून शिकली, आणि इथे सिनसिनाटीत कुणाला नावही माहीत नव्हतं.

माझी जुनी चॉकलेटी शाल होती, तिचा झगा शिवला. कमरेला दोरी, आणि दोरीला तीन गाठी, फ्रान्सिस्कन लोकांच्या दोरीला असतात तशा, गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांच्या. गाठी सारख्या अंतरावर येईनात, नवऱ्याने तीनदा सोडून परत बांधल्या. त्या वर्षी दिवाळी अगदी त्याच आठवड्यात आली होती, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी घरात पणत्या, दारात कॅंडी मागायला आलेली पोरं, आणि डायनिंग टेबलावर अर्धवट झगा. शुक्रवारी मासच्या (चर्चमधल्या सामुदायिक प्रार्थनेच्या) आधी एकेका मुलाने माइकवर दोन वाक्यं बोलायची होती. धाकट्याने एवढंच सांगितलं की मी गोन्सालो गार्सिया, मी माझ्या आईच्या गावचा आहे. टीचर बाकावर मागे वळून मला बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते, माझेही. नंतर फादर स्वतः आले, वसई कुठे, तिथे चर्च किती जुनी, पोर्तुगीज कधी आले, सगळं विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात दुसरीच्या भिंतीवर जगाचा नकाशा लागला, त्यात वसईला लाल पिन, नागासाकीला लाल पिन आणि मधे लोकरीचा धागा.

अडचणही याच वर्गात आहे, तीही सांगायला हवी. दुसरी म्हणजे फर्स्ट कम्युनियनचं वर्ष, मासमधे प्रसादासारखी दिली जाणारी छोटी पांढरी चकती मुलांना पहिल्यांदा मिळते. समारंभ वसंतात असतो पण तयारी फॉलमधेच सुरू होते, वही, गाणी, पांढरे कपडे, सगळा वर्ग त्याच गोष्टीत. कॅथलिक नसलेली मुलं मासला रांगेत जातात पण हात छातीवर आडवे घेऊन, म्हणजे फादर नुसता आशीर्वाद देतात. लेकीला याचं कधी काही वाटलं नाही कारण ती मोठेपणी आली. धाकट्याने नोव्हेंबरात विचारलं, मला ते पांढरं, चकती, का नाही देत, मी काय चुकलो. मी सांगितलं चुकला नाहीस, आपल्या घरची रीत वेगळी आहे, तुझी मुंज होईल तेव्हा तुझ्या मित्रांना बोलवू. त्याचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. टीचरनी त्याला मासमधे वाचनाचं काम दिलं, ते तो फार छान करतो, पण ते पांढरं नाही. तुमचं मूल पहिलीत-दुसरीत असेल तर याचा आधी विचार करा, ओपन हाऊसला (नवीन पालकांना शाळा दाखवतात त्या दिवशी) हे कुणी आपणहून सांगत नाही. अर्धा स्टार मी याचाच कापलाय.

बस हा दुसरा त्रास, पण तो शाळेचा नाही. ओहायोत सरकारी डिस्ट्रिक्टने खाजगी शाळेच्या मुलांनाही बस द्यायची असते, अर्ध्या तासाच्या अंतरात असेल तर, आमची येते, पण कधी येते ते तिलाच ठाऊक. फॉलमधे आठवड्यातून दोनदा तरी मी गाडी काढली.

नोव्हेंबरबद्दल एक राहिलं. दोन तारखेला ऑल सोल्स, गेलेल्यांचा दिवस. वसईत त्या दिवशी स्मशानात मेणबत्त्याच मेणबत्त्या असतात, लहानपणी आम्ही आळीतल्या मैत्रिणींबरोबर बघायला जायचो. इथे चर्चच्या दाराशी महिनाभर एक मोठी वही उघडी ठेवतात, कुणीही यायचं, आपल्या माणसाचं नाव लिहायचं, आणि त्या महिन्यातल्या मासमधे त्या सगळ्यांसाठी प्रार्थना होते. शाळेची मुलंही वर्गावर्गाने जाऊन लिहितात. मी शुक्रवारी कॅन फूडचे खोके उचलायला गेले होते, थँक्सगिव्हिंगच्या आधी सेंट व्हिन्सेंट डी पॉल या गरजूंना मदत करणाऱ्या संस्थेसाठी डबे गोळा करतात, पाचवीची मुलं मोजून खोक्यात भरतात, ते खोके उचलून गाडीत टाकायला मोठी माणसं लागतात. खोके संपल्यावर वहीपाशी थांबले. सर्वपित्रीला मी घरी आजीचं पान वाढलं होतं, तरी वाटलं इथेही लिहावं. विचारलं, मी कॅथलिक नाही, चालेल का, तिथल्या बाईंनी पेनच हातात दिलं. आजीचं नाव मराठीतच लिहिलं. त्याच्या खाली फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं लिहिलं, ते त्याच जुलैमधे गेले, आमच्या वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी लढलेले, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, आणि मला वाटलं आपल्या भागातला एवढा मोठा माणूस, त्यांचं नाव या वहीत हवंच.

लेक थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या मासला वर्गाबरोबर गेली तेव्हा तिने येऊन सांगितलं, आई, पणजीच्या नावाखाली कुणीतरी पेन्सिलीने छोटं फूल काढलंय.

ओपन हाऊसची तारीख शाळेच्या ऑफिसात फोन करून विचारा. पण त्याच्याआधी एखाद्या शनिवारी व्हॉलीबॉलच्या मॅचला जाऊन बसा, तिकीट दोन-तीन डॉलर असतं, आणि कन्सेशन स्टँडवरच्या लोकांशी बोला.