रेडिएशननंतरचा एमआरआय: परफ्यूजन घ्यावं की स्पेक्ट्रो?

ग्लायोब्लास्टोमाचे (मेंदूचा आक्रमक कॅन्सर) 60 ग्रे रेडिएशन, 30 सिटिंग, सोबत टेमोझोलोमाइडची केमो सगळं पार पडतं आणि पहिल्याच फॉलोअपला कॉन्ट्रास्ट (शिरेतून सोडलेलं औषध) घेणारा भाग वाढलेला दिसतो. ऑन्को (कॅन्सरचा डॉक्टर) विचारतो ट्यूमर वाढला की रेडिएशनचाच परिणाम, आणि नुसत्या टी1 कॉन्ट्रास्टवर ते सांगता येत नाही. पहिल्या 12 आठवड्यांत तर नाहीच, रानोवाले (ब्रेन ट्यूमर उपचाराला कसा प्रतिसाद देतो त्याचे निकष ठरवणारा गट) 2010 पासून तेच सांगतायत, रेडिएशनच्या फील्डच्या बाहेर नवीन काही उगवलं तरच गोष्ट वेगळी. मग प्रोटोकॉलमध्ये जादा काय टाकायचं, परफ्यूजन (त्या भागात रक्त किती खेळतंय ते) की स्पेक्ट्रो (तिथली रसायनं मोजणं)? स्लॉट मोठा असेल तर दोन्ही घ्या, प्रश्नच मिटला. आमच्याकडे नसतो.

डिफ्युजन (पाण्याची हालचाल मोजणं) मी या भांडणात धरत नाही, ते तसंही होतंच. पेशी मेल्या की एडीसी (डिफ्युजनचा आकडा) वर जातो, मिशिगनच्या लोकांनी 2005 मध्ये ट्रीटमेंटच्या तिसऱ्या आठवड्यातच हा फरक पकडून दाखवला होता. पण मध्ये रक्त साकळलेलं असलं की त्याच्यावर फार विसंबू नये.

स्पेक्ट्रो वाचायला मस्त. कोलिन (पेशींच्या आवरणाची खूण) वर, एनएए (निरोगी चेतापेशींची खूण) खाली म्हणजे ट्यूमर, सगळंच झोपलंय आणि लिपिड-लॅक्टेटचा डोंगर उभा आहे म्हणजे नेक्रोसिस (मेलेला भाग). एकाच स्कॅनपुरतं बोलायचं तर मला आवडतं. डोकं खातो तो बॉक्स, म्हणजे जिथे मोजायचं तो वोक्सेल. मागच्या वेळी वोक्सेल कॅव्हिटीच्या (ट्यूमर काढलेल्या पोकळीच्या) मागच्या कडेला होता, यावेळी ड्युटीवर दुसरा टेक्निशियन, त्याने अर्धा सेंटीमीटर बाहेर लावला, तिथे कवटी जवळ, मग टाळूच्या चरबीचं लिपिड आत घुसलं, आणि रिपोर्ट टाईप करताना मी विचार करत बसतो की नेक्रोसिस वाढलं का बॉक्स सरकला. बरं, रेडिएशननंतर त्या जागी जिवंत ट्यूमर आणि मेलेला भाग शेजारी शेजारीच असतात, बॉक्स दोघांची सरासरी काढून देतो. मल्टीवोक्सेलने (एकाच वेळी बरेच बॉक्स) थोडं सुधारतं, पण वेळ वाढतो आणि डेक्सावरचा (स्टेरॉइडवरचा) बेचैन पेशंट तेवढा वेळ मान स्थिर ठेवेलच असं नाही.

परफ्यूजनची दुखणी आहेतच, नाही म्हणत नाही. कॅव्हिटीत रक्त किंवा हवेचा सायनस जवळ असला की मॅपवर काळं भोक पडतं, कॉन्ट्रास्ट गळला की आरसीबीव्ही (रक्ताच्या प्रमाणाचा आकडा, जिवंत ट्यूमरमध्ये जास्त) खोटा कमी येतो (त्यासाठी प्रीलोड, म्हणजे आधी थोडा कॉन्ट्रास्ट, नाहीतर स्कॅनच्या सेटिंगमध्ये 30 डिग्री फ्लिप अँगल). शिवाय कॉन्ट्रास्ट सेकंदाला 4-5 मिली सोडायचा तर शीर बरी हवी, आणि या पेशंटच्या शिरा सापडता सापडत नाहीत. शीर नसली आणि 3 टेस्ला असलं तर एएसएल (कॉन्ट्रास्टशिवायचं परफ्यूजन) करून बघा, चित्र भुरकट येतं पण सुई लागत नाही.

तरी मी परफ्यूजनकडे झुकलो, कारण दोनेक मिनिटांत जवळजवळ पूर्ण मेंदू येतो. आरओआय (मोजायच्या जागेची खूण) मी नंतर निवांत बसून लावतो, जुना स्कॅन बाजूला उघडून, त्याच जागी, आणि समोरच्या बाजूच्या व्हाइट मॅटरशी ताडून बघतो. आरसीबीव्ही किती झाला की ट्यूमर म्हणायचं तो कटऑफचा आकडा मात्र दुसऱ्याच्या पेपरमधून उचलू नका, मशीन बदललं की तो बदलतो. आणि रेडिएशन संपल्यावर साधारण महिन्याभराने होणाऱ्या स्कॅनलाच परफ्यूजन घेऊन ठेवा, 2023 चं रानो 2.0 बेसलाइन तिथूनच धरतं.

तुमच्याकडे शिमिंगवर (स्पेक्ट्रोआधी चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) जीव टाकणारा टेक्निशियन असेल तर तुमचं उत्तर कदाचित वेगळं येईल. रक्ताने परफ्यूजन पार बिघडलं तर मीही स्पेक्ट्रोच मागतो, फक्त बॉक्स कुठे ठेवला त्याचा तिन्ही प्लेनमधला स्क्रीनशॉट पॅक्सवर (स्कॅन साठवायची सिस्टीम) टाकायला लावतो.