घडीची सायकल हलकी करताना: रंकाळा ते मिरज

सायकल वीस इंची चाकांची, अॅल्युमिनियम फ्रेमची, सात गिअरची. गेल्या दिवाळीत घेतली, आता पावसाळाही काढलाय. घर रंकाळ्याजवळ, नोकरी मिरजेत. सकाळी गंगावेश, बिंदू चौक, दसरा चौक, व्हीनस कॉर्नर करत स्टेशन गाठायचं, घडी घालून पॅसेंजरमध्ये चढायचं, मिरजेत उतरून पुन्हा ऑफिसपर्यंत पायडल मारायचं. चालवायला सायकल पहिल्यापासून चांगली होती, तक्रार होती ती उचलण्याची. सामान तोलायच्या लटकत्या काट्यावर ती १४.१ किलो भरली. एवढं ओझं एका हातात घेऊन मिरजेच्या पुलाचा जिना चढला की खांदा दुपारपर्यंत आठवण देतो.

आज तोच काटा ११.८ दाखवतो. यातलं जवळजवळ एक किलो फुकट गेलं. स्टँड आणि मागचं कॅरिअर काढलं, विषय संपला. घडी घातली की सायकल आपोआप उभी राहते, मग स्टँड हवाय कशाला? डबा आणि रेनकोट पाठीवरच्या सॅकमध्ये जातात. महागडे पार्ट शोधण्याआधी पाना घेऊन बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मडगार्ड मात्र काढू नका. परदेशातले हौशी लोक ते पहिलं काढतात, पण त्यांनी जुलैतलं कोल्हापूर पाहिलेलं नाही. परीख पुलाखालून एकदा गेलात की मडगार्डचे ग्रॅम कोणी मोजत नाही.

पैसे घालून सर्वात जास्त फरक पडला तो टायरमध्ये. मूळचे ४७-४०६ होते, आता ३५-४०६ आहेत (पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये). दोन्ही मिळून साधारण ४०० ग्रॅम उतरले, शिवाय सायकल पळायलाही लागली. घेताना नुसतं ‘वीस इंची’ सांगू नका. वीस इंचीत ४०६ आणि ४५१ अशी दोन वेगळी मापं येतात आणि एकाचा टायर दुसऱ्या रिमवर बसत नाही. जुन्या टायरच्या बाजूला आकडा छापलेला असतो, तो दाखवूनच घ्या. टायर बारीक झाल्यामुळे हवा आता ६५-७० पीएसआय ठेवतो. कमी ठेवली तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि दोन समांतर चिरा पडतात. आणि खड्डे तर आपल्याकडे मागाल तेवढे.

हुरूप वाढला म्हणून टीपीयूच्या, म्हणजे रबराऐवजी पातळ प्लॅस्टिकच्या, ट्यूबाही घातल्या. साधी ट्यूब सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, ही चाळीसची. कागदावर झकास. पण बाभळीचा काटा लागल्यावर पंक्चरवाल्याकडे गेलो, तर त्यानं ती बोटात धरून उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, “पावणं, ही ट्यूब हाय का दुधाची पिशवी?” तिला नेहमीचं सोल्युशन आणि रबरी पॅच चिकटत नाही, वेगळे पॅच लागतात. घरी निवांत बसून चिकटवायचं तर ठीक, गाडी सुटायला दहा मिनिटं असताना नाही. पुन्हा साध्या ट्यूबवर आलो. वजनाचा हट्ट मी इथं सोडला.

क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा आणि पुढची चकती, बदलला त्याचं कारण वजन नव्हतं, चढ होता. पुढची चकती ५२ दात्यांची होती, मागचं फ्रीव्हील १४-२८. मुलीला क्लासला सोडून राजारामपुरीतून विद्यापीठाकडे निघालं की शेवटच्या गिअरलाही मांड्या भरून यायच्या. आता पुढे ४४ दाते आहेत. चेनच्या चार कड्या कमी केल्या आणि लोखंडी क्रँकच्या जागी अॅल्युमिनियमचा आल्यानं पाव किलोच्या वर गेलं ते वेगळंच. सपाटीला मात्र २२-२३ च्या पुढं पाय नुसते भिरभिरतात. दसरा चौकात त्याहून जोरात कोण जातंय? लांब हायवेवर जाणाऱ्यांनी ५२ च ठेवावी.

सीट आता साधी आणि कमी गादीची आहे, त्यात पावणेचारशे ग्रॅम कमी झाले. पहिले काही दिवस बसायला त्रास झाला, नंतर सवय झाली. पायडलबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

सीटपोस्टचं, म्हणजे सीटखालच्या नळीचं, सविस्तर सांगतो, कारण बरेच जण विचारतात. माझी उंची कमी असल्यानं नळी खालून सहा सेंटीमीटर जास्तीची होती. उद्यमनगरात एका टर्नरकडून कापून कडा घासून घेतली. गेले अवघे चाळीस ग्रॅम! शिवाय कापल्यावर किमान किती आत राहिली पाहिजे ती छापील खूणही फसवी ठरते, ती तेवढीच वर मोजून नव्यानं आखावी लागते. काही सायकली घडी घातल्यावर या नळीच्या खालच्या टोकावरच उभ्या राहतात. तुमची तशी असेल तर करवत लावूच नका. नळीला भोकं पाडून आणखी हलकी करता येईल का, हेही मी विचारलं होतं. मिस्त्री म्हणाले, “नळी हलकी हुईल की, पण दवाखान्याचं बिल जड हुईल.” बरोबर आहे. घडीच्या सायकलीत सीटपोस्ट आणि हँडलपोस्ट लांबलचक असतात, सगळा ताण बिजागरी आणि क्लॅम्पच्या तोंडाशी येतो. तिथलं काही कापायचं नाही, कोरायचं नाही. पावसाळ्यात बिजागरी कुरकुरायला लागली तेव्हा पुसून थोडं ग्रीस लावलं आणि क्लॅम्पचा ताण पुन्हा बसवला. आता आवाज नाही.

सगळा खर्च साडेसात हजारांच्या आसपास. ब्रॉम्प्टन या ब्रिटिश कंपनीची २०२२ साली आलेली टायटॅनियमची घडीची सायकल टी लाइन ७.४५ किलोपासून सुरू होते हे मला माहीत आहे, पण तिच्या किमतीशी माझ्या पगाराचा काही संबंध नाही. माझ्या सायकलीत आता कमी करण्यासारखी फक्त चाकं उरलीत. पुढचं हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, ७४ मिलिमीटर रुंदीचं आहे, नेहमीच्या सायकलींचं १०० असतं. त्यामुळं हलकं चाक इथल्या दुकानात तयार मिळत नाही, हब मागवून बांधून घ्यावं लागेल. तूर्त तरी तो बेत नाही.