विमानाच्या इंधनाची डेन्सिटी मोजायचा काचेचा हायड्रोमीटर – वस्तू झकास, डबी भंगार

आतमध्येच थर्मामीटर असलेला काचेचा हायड्रोमीटर घेतला, ७५० ते ८०० (किलो दर घनमीटर) रेंजवाला. बरेच दिवस वापरून झालाय म्हणून लिहितोय. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो डबीमुळे, त्यावर येतोच.

आधी हे लागतं कशाला ते सांगतो, कारण ‘जेट ए-१ (जेट विमानांचं इंधन) म्हणजे लिटरला ०.८ किलो, गुणा आणि मोकळे व्हा’ म्हणणारे खूप भेटतात. पायलट इंधन मागणार किलोत आणि बाउझरचा (इंधनाच्या टँकरचा) मीटर दाखवणार लिटर, मध्ये जो आकडा बसतो तो डेन्सिटीचा. स्पेसिफिकेशनमध्येच १५ डिग्रीला ७७५ ते ८४० एवढी मोकळीक आहे, म्हणजे दोन बॅच सारख्या निघतीलच असं नाही. त्यात उन्हात टाकी तापली की डिग्रीमागे साधारण पाऊण किलो दर घनमीटरला उतरतं. १५ला ८०० असलेलं इंधन ३५ला ७८५च्या आसपास येतं, आणि २०,००० लिटर भरले तर सरळ ३०० किलोचा फरक पडतो की हो! अ‍ॅवगॅस, म्हणजे छोट्या पिस्टन विमानांचं पेट्रोल, तर अजून हलकं, ०.७२च्या आसपास, तिथे ०.८ लावलंत तर विचारूच नका.

१९८३चं एअर कॅनडाचं बोइंग ७६७ विमान आठवतंय ना, टाकीत ७,६८२ लिटर होते, हिशोबात लिटरमागे ०.८०३ किलोऐवजी १.७७ घेतलं जे खरं तर पाउंडाचं होतं, मग २०,००० लिटर टाकायचे तिथे पाचेक हजारच टाकले आणि वाटेत हवेतच इंजिनं बंद. कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर ग्लाइड करत उतरवलं, सगळे ६९ जण वाचले, पण नशीब दर वेळी एवढं चांगलं नसतं.

आता वस्तूबद्दल. स्केल एकदम क्लिअर, एकेका युनिटला रेघ, काळी शाई अजून पुसट झालेली नाही. इंधनाच्या जारमध्ये सोडून हलकी गिरकी दिली की नळी भिंतीला न चिकटता पटकन स्थिर होते, मग डोळा पातळीला आणायचा आणि काचेपाशी चढलेली कड सोडून इंधनाची सपाट पातळी जिथे रेघेला कापते तो आकडा घ्यायचा. वाऱ्यात मात्र नको, आणि बुडबुडे असतील तर थांबा जरा. थर्मामीटर वाचताना नळी उचलून हातात घेणारे पाहिलेत मी, असं करू नका राव, बाहेर आली की तापमान हललंच. बुडालेली असतानाच वाचा, मग टेबलवरून (तापमान-डेन्सिटीच्या कोष्टकावरून) १५ डिग्रीला करेक्ट करा आणि बॅचच्या सर्टिफिकेटशी ताडा. ३ युनिटपेक्षा जास्त फरक आला तर भरणं थांबवून चौकशी करायची, टाकीत दुसरंच काही मिसळलंय का ते इथेच कळतं.

खटकलेल्या गोष्टी दोनच. रेंज नेमकी ८००ला संपते, त्यामुळे थंडीत इंधन जड झालं की अख्खं स्केल पातळीच्या वरच राहतं, मग ८०० ते ८५०वाला दुसरा घ्यावाच लागतो, तो सोबत सेटमध्ये का देत नाहीत देव जाणे. आणि डबी! आतला फोम एवढा ढिला की हायड्रोमीटर खडखड वाजत फिरतो, काचेची वस्तू आहे याची काही लाजच नाही. मी जुना मऊ कपडा गुंडाळून ठेवतो.

डिजिटलवाले म्हणतील हे जुनाट झालं. असेल, पण याला बॅटरी नाही आणि इंधनाजवळ वापरायला ठिणगीबिणगीचं वेगळं सर्टिफिकेट शोधत बसावं लागत नाही. फक्त ऑर्डर करताना १५ डिग्रीला कॅलिब्रेट केलेलाच मागा, २० डिग्रीवाले पण तसेच दिसतात आणि मग आपल्या टेबलशी काही केल्या जुळत नाही.