वाकडेतिकडे दात हवेत? मग ऑरोराला जा

ऑरोरा फॉसिल म्युझियम, नॉर्थ कॅरोलिना. माझ्याकडून पाचपैकी पाच तारे. हे तारे आतल्या काचेच्या कपाटांसाठी आहेत, पण त्याहून जास्त रस्त्यापलीकडच्या मातीच्या ढिगांसाठी आहेत.

आधी मला काय हवं असतं ते सांगते, म्हणजे हा अभिप्राय तुमच्या कामाचा आहे की नाही ते कळेल. शार्कचे मोठे, देखणे, अखंड दात मला नको असतात. मला हवे असतात बिघडलेले दात. टोक भलतीकडे वळलेलं, पातं सुरकुतलेलं, एका मुळावर दोन टोकं आलेली, काठाची करवत मध्येच खाच पडून पुढे गेलेली. इथले संग्राहक अशा दाताला ‘पॅथो’ म्हणतात. मी रत्नागिरीत दातांचा दवाखाना चालवायचे. आता वर्षातला बराच काळ लेकीकडे नॉर्थ कॅरोलिनातल्या केरीला असते. वेडावाकडा दात दिसला की तो असा का झाला हे शोधल्याशिवाय मला राहवत नाही, मग तो माणसाचा असो की दीड कोटी वर्षांपूर्वीच्या शार्कचा.

केरीहून गाडीने साधारण अडीच तास लागतात. वॉशिंग्टन नावाचं गाव लागतं (राजधानी नव्हे, पॅम्लिको नदीकाठचं छोटं वॉशिंग्टन), तिथून नदीच्या दक्षिणेने पुढे जायचं. ऑरोरा अगदी लहान गाव आहे, त्यामुळे जेवण घरून न्यावं. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेतो. म्युझियमला तिकीट नाही, दानपेटी आहे. तिच्यात काहीतरी टाकल्याशिवाय निघू नका.

आतला भाग चांगलाच आहे. मेगॅलोडॉन या नामशेष झालेल्या महाकाय शार्कचे दात आहेत, देवमाशांची हाडं आहेत, पाकटांच्या दातांच्या पट्ट्या आहेत. नवख्याने आधी इथे अर्धा तास घालवावा, कारण कुठल्या जातीचा निरोगी दात कसा दिसतो हे डोळ्यांत बसलं नाही तर बिघडलेला ओळखणार कसा? दवाखान्यातही तसंच होतं. शिकाऊ मुलांना मी आधी नुसते चांगले दात बघायला लावायचे.

मग रस्ता ओलांडायचा. तिथल्या ढिगांना ‘पिट्स ऑफ द पंगो’ म्हणतात. जवळच फॉस्फेटची मोठी खाण आहे. खतासाठी फॉस्फेट काढताना जुन्या समुद्रतळाची माती वर येते, आणि त्यातली काही म्युझियमला मिळते. पंगो रिव्हर हा थर मायोसीन काळातला, यॉर्कटाउन हा त्याच्या वरचा, म्हणजे त्यानंतरच्या प्लायोसीन काळातला. पूर्वी हौशी संग्राहकांना ठरलेल्या दिवशी थेट खाणीत सोडत. ते बंद झालं, आणि आता सर्वसामान्यांसाठी हे ढीगच उरले आहेत. माती खाणीतून उपसून आलेली असल्यामुळे थर एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून सापडलेला दात नेमका किती जुना हे जागेवरून सांगता येत नाही, जातीवरून अंदाज करावा लागतो. सापडलेलं सगळं तुमचं. ढिगांवर बसायला पैसे लागत नाहीत, आणि म्युझियम बंद असलं तरी उजेड असेपर्यंत ढीग खुले असतात.

पॅथो शोधणाऱ्याला हीच जागा का? इथे येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात मेगॅलोडॉन असतो. २०१३ पासून मेगॅलोडॉनचा दात या राज्याचा अधिकृत जीवाश्म आहे, पोरंसोरं शाळेतूनच ऐकून येतात. त्यामुळे नजर मोठं काहीतरी शोधत फिरते, आणि नखाएवढ्या दातांकडे कोणी नीट पाहत नाही. ढिगांत बहुतेक दात असे छोटेच असतात. बिघडलेला दात ही दुर्मीळ गोष्ट आहे. ती सापडायची तर पुष्कळ दात हातांखालून जावे लागतात, आणि तेवढे दात फुकटात, एका जागी बसून, सावकाश बघायला मिळतील अशी दुसरी जागा मला माहीत नाही. शिवाय इतरांनी बाजूला टाकलेले दातही मी उचलते. एकदा शेजारच्या ढिगावरच्या आजोबांनी ‘तुटका आहे, तुमच्या नातवाला खेळायला द्या’ म्हणून एक दात पुढे केला. तो तुटका नव्हता. आज तो माझ्याकडच्या उत्तम पॅथोंपैकी एक आहे. तो का चांगला हे मी त्यांना भिंगाखाली दाखवलं, आणि मग ते स्वतःची अख्खी डबी घेऊन माझ्याजवळ येऊन बसले.

आता मुख्य गोष्ट. तुटलेला, झिजलेला आणि बिघडलेला हे तीन वेगळे दात आहेत, आणि विकणारे ते हटकून एकत्र करतात.

लहान मूल पायरीवर तोंडावर आपटतं, पुढचा दुधाचा दात हिरडीत घुसतो. आईवडील म्हणतात, दुधाचाच आहे, पडेलच. पण त्या दाताच्या मुळापाशी कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो. त्याला धक्का बसला तर काही वर्षांनी येणारा कायमचा दात वाकडा येऊ शकतो किंवा त्याच्या इनॅमलवर, म्हणजे वरच्या कठीण कवचावर, डाग आणि खड्डे दिसतात. दात वर आल्यावर असा वाकत नाही. तो आत, तयार होतानाच वाकतो. शार्कचंही तेच. फक्त शार्कला दोनदा नाही, जन्मभर दात येत राहतात. जबड्याच्या आतल्या बाजूला नव्या दातांच्या ओळी तयार होत असतात आणि एकेक करून पुढे सरकतात. तिथल्या नाजूक ऊतीला इजा झाली की त्या जागेवरून पुढे येणारा दात बिघडतो. इजा खोल असेल तर त्याच जागी त्यामागून येणारे कितीतरी दात तसेच बिघडलेले येतात.

इजा कशाने होते? बहुधा जेवणानेच. रत्नागिरीतल्या कोणाही कोळ्याला विचारा, पाकटाचा काटा आणि शिंगाळ्याचा काटा काय चीज आहे ते. मिरकरवाड्यातले माझे कितीतरी पेशंट हातावर त्याच्या खुणा घेऊन यायचे. शार्क हे असले मासे चावून खातात. मोठ्या हॅमरहेड शार्कच्या जबड्यात पाकटांचे काटे डझनावारी रुतलेले सापडले आहेत. असा काटा दात घडवणाऱ्या ऊतीत शिरला की पुढचे दात त्याची नोंद ठेवतात. आणि इजेनंतर दात येतच राहिले, म्हणजे जनावर त्यानंतर जगलं, खात राहिलं. मला या दातांचं जे वेड आहे ते यामुळेच. अखंड दात मला फक्त जात सांगतो, बिघडलेला दात त्या एका जनावरावर काय ओढवलं ते सांगतो.

म्हणून दात हातात आला की मी दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून एकच गोष्ट आधी बघते: वळणावर, खाचेवर, सुरकुतीवर चमकदार कवच सलग आहे का? इनॅमलसारखं हे कवच दात वर येण्याआधी तयार होतं आणि नंतर भरून येत नाही. कवच खाचेतूनही अखंड गेलं असेल, करवतीचे दाते वळणावरही चालू असतील, तर दात मुळातच तसा घडला. तो पॅथो. कवच तुटून आतलं मंद, खरखरीत डेंटिन उघडं पडलं असेल तर तो चावताना टवका उडालेला किंवा नंतर मातीत मोडलेला. कडा गुळगुळीत आणि सगळीकडून सारख्या गोल असतील तर पाण्याने घासलेला. आणखी एक लक्षात ठेवा. जबड्याच्या मधोमधचे आणि अगदी कोपऱ्यातले दात निरोगी शार्कमध्येही बुटके किंवा तिरके असतात. ते पाहून हुरळून जाऊ नका, मुळाचा आकार तपासा. मूळही एका बाजूने चिमटल्यासारखं दिसलं तर मात्र माझा जीव वरखाली होतो.

ऑरोराच्या ढिगांतून मला मिळालेल्यांत सर्वांत लाडका हेमीप्रिस्टिसचा खालच्या जबड्यातला दात आहे. या शार्कचे वरचे दात रुंद, जाड करवतीचे, आणि खालचे आकड्यासारखे बारीक. माझ्याकडच्या दाताचं टोक दुभंगलेलं आहे, दोन्ही टोकांवर कवच पूर्ण आहे. याच शार्कचा आजचा भाऊबंद अरबी समुद्रात पोहतो. म्हणजे मी आयुष्यभर ज्या समुद्राकाठी राहिले तिथे तो होता, आणि त्याच्या नातलगाचा दात मला इथे मिळाला. दुसरा टायगर शार्कचा, ज्याचं पातं मधून पन्हळीसारखं दुमडलं आहे. आजोबांनी दिलेला दात कार्कारायनस या, बुल शार्क ज्यात मोडतो त्या गटातला, टोक तोंडाच्या आतल्या बाजूला पिळलेलं.

दुभंगलेल्या दातांची गोडी लागली असेल तर २०२२ चा एक अभ्यास माहीत असावा. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी तो ‘पीअरजे’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध केला. त्यात मेगॅलोडॉनचा सुमारे चार इंची, मधून दुभंगलेला दात आहे आणि त्याच्या जोडीला बुल शार्कचे दोन बिघडलेले दात. सीटी स्कॅन केल्यावर आत नेहमीपेक्षा जास्त नलिका दिसल्या, म्हणजे दात नंतर चिरलेला नाही, वाढतानाच दुभंगला किंवा जोडला गेला. यातला पेच मला दवाखान्यातून चांगला ओळखीचा आहे. माणसात एक अंकुर दुभंगला की जोडदात होतो, आणि दोन अंकुर चिकटले तरी जोडदातच होतो. आम्ही काय करतो? तोंडातले दात मोजतो. जोडदात एक धरून संख्या बरोबर आली तर सहसा अंकुर दुभंगलेला, एक कमी आली तर दोन चिकटलेले. सुट्या शार्कदाताला जबडाच नसतो, मोजणार काय? म्हणून आतला सापळा स्कॅनने बघावा लागतो.

विकत घ्यावेत का? मी क्वचित घेते, पण अटींवर. एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘दुर्मीळ पॅथो मेगॅलोडॉन’ म्हणून एक दात टाकला होता, किंमत साध्या दाताच्या कितीतरी पट. मी आतल्या बाजूचा आणि कडेचा जवळून काढलेला फोटो मागितला. फोटोत खाचेभर डेंटिन उघडं होतं आणि त्यावर कानशीचे समांतर ओरखडे होते. मी नको म्हटलं. तुम्हीही पैसे देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो, सापडल्याची जागा आणि परत करण्याची मुदत मागा. दात हातात आल्यावर अतिनील टॉर्चखाली धरा. रेझिनने भरलेला भाग बहुधा वेगळा चमकतो. ऑरोराचा फायदा इथेही आहे. ढिगातून तुम्ही स्वतः उचललेल्या दातावर कोणी कानस फिरवलेली नसते.

नेण्याच्या वस्तू: बारीक जाळीची चाळण, पाण्याची फवारणीची बाटली, खुरपी, गुडघ्याखाली घ्यायला जाड कापड, टोपी आणि भरपूर पाणी. सावली कमी आहे. फावडी नेऊन खड्डे खणू नका, ढीग सगळ्यांचा आहे. पावसाच्या दुसऱ्या दिवशी जाणं सर्वांत उत्तम, कारण वरची माती धुऊन जाते आणि दात आपोआप चमकतात. मी चाळत नाही, आधी नुसती बसून बघते. माझा नातू उलट, भराभर चाळतो. दोघांनाही मिळतात, पण पॅथो बसून बघणाऱ्याला जास्त दिसतो असं माझं ठाम मत आहे.

वॉशिंग्टन डीसीच्या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींना मेरीलंडचं कॅल्व्हर्ट क्लिफ्स जवळ पडेल. जंगलातून सुमारे तीन किलोमीटर चालल्यावर किनारा लागतो. जागा सुंदर आहे, पण कड्यांखाली जायला बंदी आहे आणि ती पाळा, दरड खरोखर कोसळते. तिथले दात लाटांनी घासलेले मिळतात, त्यामुळे पॅथो ओळखणं अवघड जातं. त्या हिशेबाने माझं मत ऑरोरालाच.

हमखास मोठा मेगॅलोडॉन हवा असेल तर मात्र इथे येऊन हिरमुसाल. ढिगांत त्याचे तुकडे मिळतात, अखंड क्वचितच.

मे महिन्याच्या शेवटी, मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून गावात फॉसिल फेस्टिव्हल भरतो. इतर संग्राहकांच्या पेट्या बघायच्या असतील, पॅथोंची अदलाबदल करायची असेल तर तेव्हा जा. शांतपणे शोधायचं असेल तर ती तारीख टाळून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाऊस पडून गेल्यावर, सकाळी लवकर निघा.