‘स्टेशनपासून चार मिनिटं’: अडीच वर्षं राहून दिलेला अभिप्राय

जाहिरातीत सगळ्यात ठळक ओळ हीच होती, आणि खरं सांगायचं तर आम्ही घर घेतलं तेही तिच्यावरच. राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी आईला घेऊन स्टेशनला निघाले आणि घड्याळ लावलं. सतरा मिनिटं लागली. आईचे गुडघे दुखतात, ती सावकाश चालते, हे मान्य. पण मी एकटी गेले तेव्हाही अकरा लागलीच.

आमच्या खिडकीतून फलाट दिसतो, रात्री सगळं शांत झालं की गाडीची घोषणाही ऐकू येते. नकाशावर पट्टी ठेवली तर अंतर ३०० मीटरच्या आसपास भरतं. पण मधे कॉम्प्लेक्सची भिंत आहे आणि गेट एकच, तेही उलट्या बाजूला, मोठ्या रस्त्यावर, मोटारींच्या सोयीने केलेलं. म्हणजे आधी स्टेशनकडे पाठ करून चालायचं, मग भिंतीला वळसा घालायचा. हे होतात ९०० मीटर. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, “अगं, गाडी इथे दिसतेय, मग आपण तिकडे कुठे चाललोय?”

मी नगररचनेचे नकाशे काढण्याचं काम बरीच वर्षं केलं आहे, म्हणून हे जास्तच लागलं. स्टेशनभोवती ८०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायची पद्धत आहे. माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो असं धरलं की ती दहा मिनिटांची चाल होते, आणि वर्तुळात सुमारे २०० हेक्टर जमीन येते. पण माणूस वर्तुळाच्या त्रिज्येवरून चालत नाही, रस्त्याने चालतो. रस्ते अगदी काटकोनात आणि एकमेकांच्या जवळ आखलेले असले तरी दहा मिनिटांत त्यातली १२८ हेक्टरच गाठता येते. त्यात आमच्यासारखी एकेक भिंत उभी राहिली की उरलेलं क्षेत्रही भराभर कमी होत जातं. घर बघायला जाल तेव्हा बिल्डरचा नकाशा बाजूला ठेवा, स्टेशनवर उतरा आणि दारापर्यंत स्वतः चालून बघा. एकदा रात्रीही.

रात्रीचं मुद्दाम म्हणते आहे. आमच्या इमारतींचे खालचे चार मजले पार्किंगचे आहेत, त्यामुळे रस्त्याच्या बाजूला माझ्या २१० पावलांइतकी नुसती कोरी भिंत आहे. एक खिडकी नाही, एक दार नाही. आठनंतर तिथून एकटीने जाताना पावलं आपोआप भरभर पडतात. स्टेशनच्या पलीकडच्या बाजूला जुनी वस्ती आहे, खाली दुकानं आणि वर घरं. तिथला फुटपाथ आमच्याहून अरुंद, पण औषधांच्या दुकानातला उजेड रस्त्यावर पडतो, कुणी ना कुणी गॅलरीत उभं असतं. तिथे मला कधीही भीती वाटली नाही.

आणि एवढं पार्किंग कुणासाठी? आमच्या मजल्यावरच्या सहा घरांपैकी दोघांकडे गाडी आहे. एका गाडीला आत-बाहेर करायच्या वाटेसकट २५ ते ३० चौरस मीटर जागा जाते. तेवढ्यात एक दवाखाना बसतो, आणि इथे असे रिकामे चौकोन रांगेने पडून आहेत. स्टेशनला लागून घर बांधायचं आणि ते गाडीवाल्यासाठी आखायचं, हे मला अजून पटलेलं नाही.

जगात हे नीट केलेलं आहे, म्हणूनच तक्रार करते. कोपनहेगनने १९४७ साली रेल्वेमार्गांच्या कडेने बोटांसारखं शहर वाढवायचा आराखडा केला. आज तिथे मोठी कार्यालयं स्टेशनपासून ६०० मीटरच्या आत असावीत असा नियम आहे. वॉशिंग्टनशेजारच्या आर्लिंग्टनने मेट्रो महामार्गाच्या मधोमध नेण्यापेक्षा जुन्या बाजाररस्त्याखालून न्यावी असा आग्रह धरला, उंच इमारती स्टेशनालगत ठेवल्या आणि लांब जाताना उंची उतरवत नेली.

चांगलं काय, तर गाडी. ती दर सहा मिनिटांनी येते. घरातली मोटार आम्ही पहिल्याच वर्षी विकली आणि एकदाही अडलं नाही. तळमजल्याचा एक कोपरा मागच्या वर्षी दवाखाना आणि पाळणाघराला दिला, तेव्हापासून दुपारीही आवारात माणसं दिसतात.

आणि गेट. मागच्या भिंतीत पायी जाणाऱ्यांसाठी छोटं गेट करा, एवढंच आमचं म्हणणं होतं. सुरक्षिततेचं कारण दीड वर्ष ऐकलं. शेवटी गेट झालं, पण मोटरसायकली घुसू नयेत म्हणून मधे दोन लोखंडी खांब रोवले, इतके जवळ की व्हीलचेअर जाईना. खाली वीतभर उंच पायरी. पुन्हा अर्ज, पुन्हा बैठका. एक खांब काढला, पायरीच्या जागी उतार केला. त्या दिवशी आईने माझा हात सोडला आणि काठी टेकत एकटी पुढे गेली. घरच्या दारापासून तिकीट खिडकीपर्यंत सात मिनिटं. आता ती मंगळवारी वाचनालयात एकटी जाते, दोन स्टेशनं पुढे, आणि परत आल्यावर गाडीत कोण भेटलं ते सांगते.

पाचपैकी तीन स्टार देते. ते गेट रात्री दहाला बंद होतं आणि शेवटची गाडी त्यानंतर दीड तासाने येते. समोरच्या घरातली मुलगी रुग्णालयात परिचारिका आहे, ती त्याच गाडीने येते आणि कोऱ्या भिंतीकडेने ९०० मीटर चालते. गेट शेवटच्या गाडीपर्यंत उघडं राहायला लागलं की चौथा स्टार देईन.