स्पेनच्या खालच्या डिव्हिजनचे प्ले-ऑफ: अख्खा हंगाम बघितल्यावरचा अनुभव

रेआल माद्रिद आणि बार्सिलोना सोडून स्पेनच्या फुटबॉलशी ज्यांना देणंघेणं नाही, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. 2024-25 च्या हंगामात मी स्पेनची सेगुंदा, म्हणजे दुसरी डिव्हिजन, शरद ऋतूपासून जूनपर्यंत धरून बघितली. जमेल तशी तिच्या खालची प्रिमेरा फेदेरासिओनही बघितली. सगळे सामने नाहीत, नोकरी आहे, संसार आहे. पण एक क्लब पक्का धरला, दर सोमवारी पॉइंट टेबल बघितलं आणि शेवटी प्ले-ऑफचा एकही सामना सोडला नाही. आता बरेच महिने उलटलेत, नशा उतरलीय, तेव्हा चांगलं-वाईट दोन्ही सांगता येईल.

क्लब धरला ओव्हिएदो. दोन कारणं. एक, एफसी गोवाकडून इतकी वर्षं खेळलेला एदू बेदिया आधी त्यांच्याकडे होता, त्यामुळे नाव कानावरून गेलेलं. दुसरं, सांती काझोर्ला. आर्सेनल बघणाऱ्यांना त्याची ओळख करून द्यायला नको. घोट्याच्या दुखापतीनं पाय जायची वेळ आली होती, त्यातून उठून हा माणूस 2023 मध्ये आपल्या लहानपणीच्या क्लबकडे परतला, तेही नियमानं देता येईल तेवढ्या किमान पगारावर. त्या क्लबची हालत काय होती ते बघा. 2001 मध्ये पहिल्या डिव्हिजनमधून खाली आला, 2003 मध्ये खेळाडूंचे पगार थकल्यामुळे थेट चौथ्या पायरीवर फेकला गेला, 2012 मध्ये बुडता बुडता जगभरच्या लोकांनी शेअर घेऊन वाचवला. शेअर घेणाऱ्यांत काझोर्ला, हुआन माता, मिचू ही याच क्लबात वाढलेली पोरंही होती.

आता नियम, थोडक्यात. सेगुंदात 22 संघ, प्रत्येकाचे 42 सामने. पहिले दोन सरळ वर. तिसरा ते सहावा या चौघांत उरलेल्या एका जागेसाठी भांडण, तेच प्ले-ऑफ. तिसरा विरुद्ध सहावा, चौथा विरुद्ध पाचवा, घरी एक आणि बाहेर एक अशी सेमीफायनल, आणि फायनलसुद्धा तशीच दोन सामन्यांची. दुसरा सामना टेबलात वर असलेल्याच्या घरी. 2010-11 पासून हे असं चाललंय. दोन सामन्यांचे गोल मिळून बरोबरी झाली तर अर्धा तास जादा. आणि त्यातही बरोबरीच राहिली, तर पेनल्टींचा टायब्रेकर नाही! टेबलात जो वर, तो पुढं.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर टायब्रेकरला श्वास रोखून वाढलेल्या माणसाला हे पहिल्यांदा ऐकून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या सामन्यात कुणी सांगितलं की बरोबरी झाली म्हणून लीगमध्ये वर असलेला जिंकला, तर दोन्ही पेठा मैदानात उतरतील. पण सगळ्या प्रकरणातली सगळ्यात चांगली गोष्ट हा नियमच आहे, असं माझं ठाम मत झालंय. टायब्रेकर समोर असला की जादा वेळेत दोन्ही संघ दमून बॉल इकडून तिकडं ढकलत बसतात. इथं एकाला बरोबरी चालते आणि दुसऱ्याला गोल मारावाच लागतो. म्हणजे ऑक्टोबरमध्ये पावसात कुठंतरी घालवलेले दोन गुण जूनमध्ये 120 व्या मिनिटाला तुमच्या मानगुटीवर बसलेले असतात.

2025 च्या फायनलमध्ये हेच बघायला मिळालं. ओव्हिएदो तिसरे, मिरांदेस चौथे, आणि गुण दोघांचे सारखेच, 75. मिरांदेस म्हणजे मिरांदा दे एब्रो या जेमतेम पस्तीस-छत्तीस हजार वस्तीच्या गावचा क्लब. मैदान आंदुवा, सहा हजार माणसंही मावत नाहीत. दरवर्षी दुसऱ्यांकडून उसने घेतलेले पोरगे खेळवायचे आणि हंगाम संपला की परत करायचे, असा त्यांचा कारभार. पहिल्या डिव्हिजनमध्ये आजवर कधीच गेले नव्हते. सेमीफायनलमध्ये त्यांनी रेसिंग सांतांदेरला बाहेर 3-3 आणि घरी 4-1 असं काढलं. तो घरचा सामना ज्यानं बघितला त्याला मिरांदेसचा राग येणं शक्यच नाही. मी ओव्हिएदोचा असूनही मला आला नाही.

फायनलचा पहिला सामना आंदुवावर मिरांदेसनं 1-0 जिंकला. 21 जूनला दुसरा, ओव्हिएदोच्या कार्लोस तार्तिएरेवर. तीस हजारांचं मैदान गच्च. आणि सुरुवातीलाच मिरांदेसच्या पानिकेलीनं गोल मारला. एकूण 0-2. कॅमेरा गॅलरीवर गेला तर लोक रडत नव्हते की ओरडत नव्हते, नुसते हाताची घडी घालून बसलेले. वर्षभरापूर्वीच, 2024 च्या फायनलमध्ये, घरी 1-0 जिंकून एस्पान्योलकडे 2-0 हरलेले हेच लोक. सवय झालेली असणार.

मग पेनल्टी मिळाली. चाळिशीतला काझोर्ला बॉल घेऊन उभा. एवढ्या शांतपणे मारली, आणि इकडं मी आपल्यालाच लाज वाटावी इतक्या जोरात उशी धरली होती. हाफटाइमनंतर इलियास चाइरानं दुसरा घातला, 2-2 एकूण, आणि तिथून सामन्याचा तोलच फिरला. वाचताना कुणाच्या लक्षात येणार नाही, पण बघताना अंगावर येतं: स्कोअर सारखा आहे, गुण सारखे आहेत, तरी आता मिरांदेसला गोल हवाय आणि ओव्हिएदोला नकोय. जादा वेळेच्या पहिल्या भागात पोर्तियोनं 3-1 केलं, आणि त्यापुढं मिरांदेसला बरोबरीही पुरणार नव्हती. गोल मारला असता तरी 3-3, आणि 3-3 म्हणजे ओव्हिएदो वर. 24 वर्षांनी ओव्हिएदो पहिल्या डिव्हिजनमध्ये. आमच्याकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजत आलेले.

या नियमाचा सगळ्यात क्रूर प्रयोग मात्र 2023 चा. त्याचं रेकॉर्डिंग जरूर शोधून बघा. लेवान्ते तिसरे, आलावेस चौथे. पहिला सामना 0-0. दुसरा, लेवान्तेच्या घरी, 0-0 वरच जादा वेळही संपत आलेला. बरोबरी म्हणजे लेवान्ते वर. घरच्या लोकांनी जल्लोषाची तयारी केलेली. तेवढ्यात हँडबॉलची शंका, व्हीएआर म्हणजे व्हिडिओवरची तपासणी, पेनल्टी. 129 व्या मिनिटाला असिएर वियालिब्रेनं ती मारली आणि आलावेस वर गेले. (हा तोच वियालिब्रे जो बिल्बाओकडून सुपर कप जिंकल्यावर मैदानात ट्रम्पेट वाजवत बसला होता.) लेवान्तेला वर यायला आणखी दोन वर्षं लागली. मी हे नंतर, निकाल माहीत असताना बघितलं, तरी पोटात गोळा आला.

जुन्या काळी परगोलाचा नियम होता (एकूण बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल मारणारा पुढं), तेव्हाही नाट्य कमी नव्हतं. 2014 ला लास पाल्मास विरुद्ध कोर्दोबा: शेवटच्या मिनिटांत 1-0 पुढं असताना लास पाल्मासचे लोक सामना संपायच्या आधीच मैदानात घुसले. खेळ थांबला, लोकांना बाहेर काढलं, खेळ सुरू झाला आणि कोर्दोबानं गोल घातला. पहिला सामना 0-0 होता, त्यामुळे परगोलावर कोर्दोबा वर. गंमत म्हणजे कोर्दोबा सातवे होते! तिसरा आलेला बार्सिलोनाचा बी, म्हणजे राखीव संघ, मुख्य संघ आधीच पहिल्या डिव्हिजनमध्ये असल्यानं त्याला तिथं जाता येत नाही, म्हणून सातव्याला दार उघडलं.

इथपर्यंत कौतुक. आता तक्रारी.

सेगुंदाच्या खाली गेलात की माल तोच, पण पॅकिंग निकृष्ट. सेगुंदा ला लीगाच्या हाताखाली चालते, त्याखालचं सगळं फेडरेशनकडे. 2021 ला सगळी रचना बदलली. तिसऱ्या पायरीवर प्रिमेरा फेदेरासिओन, दोन गट, प्रत्येकी 20 संघ. गटविजेता सरळ वर, दुसरा ते पाचवा असे दोन्ही गटांचे मिळून आठ संघ प्ले-ऑफला, आणि त्यातून फक्त दोन वर. चौथ्या पायरीवर पाच गट, तिथून पाच विजेते आणि प्ले-ऑफमधून आणखी पाच. पाचव्या पायरीवर तर 18 गट, प्रांतवार. तिथं आधी आपल्या प्रांतातल्यांना हरवायचं, मग दुसऱ्या प्रांताच्या विजेत्याशी भिडायचं. मे महिन्यात कुठल्या तरी कृत्रिम गवताच्या मैदानावर, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला सूर्यफुलाच्या बिया सोलत बसलेले म्हातारे, असं चित्र मोबाइलवर बघायला मिळतं. मला ते फार आवडतं, पण हे सगळ्यांसाठी नाही हे मान्य.

खरं दुखणं तिसऱ्या पायरीवर आहे. दुसरा आलेला संघ पाचव्यापेक्षा कितीही गुणांनी पुढं असो, हरला तर त्याच्या हातात भोपळा. तारागोनाच्या जिम्नास्टिकचंच बघा. 2022 ला फायनल हरले, विलारेअल बी कडून. 2024 ला मालागाविरुद्ध बाहेर 1-2, घरी 2-1 पुढं, एकूण 3-3, टेबलात वर असल्यामुळे तेच वर जाणार, आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी सतरा वर्षांच्या अंतोन्यितो कोर्देरोनं 2-2 केलं. मालागा वर. 2025 ला पुन्हा फायनल, पुन्हा जादा वेळ, पुन्हा घरी हार, या वेळी रेआल सोसिएदादच्या बी संघाकडून. एवढ्या वेळा तोंडाशी आलेला घास गेल्यावरही तिकडचे लोक सीझन तिकीट काढतात, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

आणि बी संघांचं काय करायचं? मोठ्या क्लबची पोरं, त्यांचा मुख्य संघ वरच्या डिव्हिजनमध्ये बसलेला, आणि ती येऊन एका गावाची वर्षाची मेहनत घेऊन जातात. नियमाच्या बाजूनं बोलायचं तर त्यांना शिकायला चांगली पातळी लागते, त्यातून पुढं राष्ट्रीय संघाचे खेळाडू तयार होतात, हेही खरं. पण त्यांच्या गॅलरीत मोजकी माणसं आणि समोरच्या गॅलरीत सगळं गाव, हे बघितलं की माझा कल कुठं झुकतो ते सांगायला नको.

2022 चा प्रयोग तर फेडरेशननं परत कधी करू नये. नवीन रचनेचं पहिलंच वर्ष, आणि प्ले-ऑफ एकाच ठिकाणी, गालिसिया प्रांतात, एकेरी सामन्यांचे. त्यामुळे फायनलला तिथलाच देपोर्तिवो ला कोरुन्या आपल्याच रियासोर मैदानावर खेळला. 2000 चा ला लीगा विजेता क्लब, तिसऱ्या पायरीवर, भरलेलं मैदान, आणि आघाडीवर असताना सामना हातचा घालवून जादा वेळेत आल्बासेतेकडून 2-1 हार. पुढच्या वर्षी दोन सामन्यांची पद्धत परत आली. शहाणपण आलं म्हणायचं.

बघण्याची सोय हा वेगळा विषय. सेगुंदाचे सामने ज्या अ‍ॅपवर मी बघितले त्याचं नाव घेत नाही, पण त्यांच्या वेळापत्रकात जादा वेळ नावाचा प्रकार बहुधा नव्हता. नव्वद मिनिटं झाली की सामना ‘संपला’ म्हणून यादीतून गायब, मागच्या दारानं परत शिरावं लागायचं. कॉमेंट्री इंग्रजीत असली तर असायची, नाहीतर स्पॅनिश. स्पॅनिशच बरी, असं माझं मत झालं. शब्द कळले नाहीत तरी गोल व्हायच्या आधी आवाजावरूनच कळतं.

कुणी घ्यावं? ज्याला लीग आवडते त्यानं. फक्त जूनमध्ये येऊन चार-पाच सामने बघायचे असतील तर निम्मी मजा जाते, कारण तिसरा आणि चौथा यांतला फरक तुम्हाला कागदावरचा वाटेल. क्लब ऑक्टोबरपर्यंत निवडा, आणि सरळ वर जाणार असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात तो निवडू नका, तो प्ले-ऑफला आलाच तर रडतच येतो. सहाव्या-सातव्यात घुटमळणारा धरा. रायो 2021 ला सहावे येऊन वर गेले, एल्चे 2020 ला सहावे येऊन वर गेले, आणि दोन्ही वेळा रडवलं ते जिरोनाला. एल्चेचा गोल 96 व्या मिनिटाचा.

झोपेचं गणित मात्र आधी करा. स्पेनमध्ये उन्हाळ्यात रात्री नऊचा सामना म्हणजे आपल्याकडे साडेबारा. पहिल्या सामन्याला जादा वेळ नसतो, अडीचला झोपता येतं, सकाळी कामावर जाता येतं. दुसऱ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशीची रजा आधीच टाकून ठेवा, आणि साहेबांना कारण सांगू नका.