शीआनमधला गाइडसोबतचा दिवस: आठ महिन्यांत तीनदा घेतल्यावर

कामानिमित्त मी सप्टेंबर ते एप्रिल चीनमधल्या शीआनला होते. तेवढ्यात गाइडसोबतची एकदिवसीय सहल तीनदा झाली: ऑक्टोबरात ऑफिसच्या मंडळींबरोबर, डिसेंबरात नवरा आला तेव्हा आणि मार्चमध्ये आई-बाबांना घेऊन. कार्यक्रम ठरीव असतो. सकाळी मातीचं सैन्य (सम्राट छिन शि ह्वांगच्या समाधीजवळ पुरलेल्या सैनिकांच्या मूर्ती, म्हणजे टेराकोटा आर्मी), दुपारी जेवण, मग शहराचा तट, संध्याकाळी मुस्लिम मोहल्ला, आणि वेळ उरलाच तर मोठा पॅगोडा, म्हणजे जुना बौद्ध मनोरा.

पहिल्यांदा स्वस्त पॅकेज घेतलं आणि पस्तावले. वाटेत जेडच्या दुकानात पाऊण तास बसवलं, त्यामुळे सैन्य पळत पळत पाहावं लागलं. पुढच्या दोन्ही वेळी एकटीने काम करणारी, इंग्रजी चांगलं बोलणारी गाइड ठरवली. पैसे जास्त गेले, पण ‘दुकानं नकोत’ हे आधीच लिहून घेतलं.

सैन्य आहे लिन्थोंगला, शहरापासून गाडीने तासाभरावर. तिकीट 120 युआन, आणि त्यासाठी प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर आधी द्यावा लागतो. या गाइडबाईंनी आम्हाला आधी तिसऱ्या, मग दुसऱ्या आणि शेवटी पहिल्या खड्ड्यात नेलं. हा क्रम मला फार पटला. तिसरा खड्डा लहान आहे, तिथे मूर्ती जवळून दिसतात. मग पहिल्यात शिरलं की समोर 230 मीटर लांबीचा तो पसारा येतो आणि बोलणं थांबतं. 1974 साली विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना हे सापडलं. मुळात या मूर्ती रंगीत होत्या, बाहेरची हवा लागताच रंग पोपडे धरून गळून पडले. खड्ड्याच्या मागच्या बाजूला तुकडे जुळवण्याचं काम अजून चालू असतं. गाइड नसती तर मी तिथपर्यंत गेलेच नसते.

जेवणाचं मात्र सविस्तर सांगते, कारण आई-बाबा शुद्ध शाकाहारी. ‘छ्र सू’ म्हणजे शाकाहारी, एवढं सांगून भागत नाही. मांस वेगळं काढतात, पण खालचा रस्सा हाडांचाच असतो. गाइडचा खरा उपयोग इथे झाला. ती स्वयंपाकघरात जाऊन रस्सा कशाचा, तेल कुठलं हे विचारून आली. मग योपो म्येन मागवले: पट्ट्यासारखे रुंद नूडल्स, वर मिरचीची भरड आणि त्यावर ओतलेलं कडकडीत तेल. तो चर्र आवाज ऐकून आई म्हणाली, “अगं, ही तर फोडणीच!” सोबत ल्यांगफी, म्हणजे गार आणि आंबट नूडल्स. मोहल्ल्यात पर्सिमन या फळाच्या गोड तळलेल्या टिक्क्या मिळतात, बाबांनी तीन खाल्ल्या. मांसाहारी असाल तर यांगरौ फाओमो चुकवू नका. रोटी हाताने अगदी बारीक कुस्करायची, मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतो. भाकरी कुस्करून रस्सा ओरपणाऱ्यांना ते लगेच आपलंसं वाटेल.

तट जवळजवळ 14 किलोमीटरचा, मिंग काळातला. वर भाड्याने सायकली मिळतात. डिसेंबरात वारा बोचरा होता.

आता माझी मुख्य तक्रार. मोठ्या पॅगोड्याला हे लोक शेवटचा अर्धा तास देतात. मराठी माणसाने असं होऊ देऊ नये. ह्युएन त्संग भारतातून 645 साली 657 ग्रंथ घेऊन परतला. ते नीट राहावेत म्हणून 652 मध्ये हा पॅगोडा बांधला. हाच माणूस दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला होता आणि महाराष्ट्रातले लोक स्वाभिमानी, उपकार न विसरणारे, अपमानाचा सूड घेणारे असं त्याने लिहून ठेवलं. आईने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तिच्यासाठी मी क्रम बदलून घेतला: तट गाळला आणि दुपारचे दोन तास पॅगोड्याला दिले. ती ह्युएन त्संगच्या पुतळ्यापाशी उभी राहून गाइडला महाराष्ट्राबद्दल सांगत होती, गाइड वहीत लिहून घेत होती. गाइडला हा भाग माहीत नव्हता.

जाणार असाल तर गाइड ठरवतानाच हा बदल मागून घ्या. आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा अख्ख्या चीनला सुट्टी असते.